दोनशे दहा वेळा ‘मागचं’

गाणं सुरू झालं की तो चपला काढतो. संपायला पाच सेकंद उरले की पुन्हा घालतो. अनवाणी बोलता येत नाही म्हणतो.

फोनवर बोलताना उभा राहतो. पलीकडचा आवाज वयस्कर असेल तर वाकून नमस्कारही करतो.

स्वतःच्या विनोदाचं हसू आलं तर मायक्रोफोनकडे पाठ करतो. आधी ऐकणाऱ्याने हसायचं, असा त्याचा नियम आहे.

कोणाच्याही घरी गेला की आधी वर बघतो. बल्ब किती दिवसांचा सोबती आहे ते सांगतो. बहुतेक वेळा खरं निघतं.

जिंकला की गप्प बसतो. हरला की दिवसभर गुणगुणतो.

हे सगळं मी काचेतून पाहिलंय. स्टुडिओच्या काचेअलीकडे माझं टेबल आहे. मी बातम्या आणि हवामान लिहिते. साहित्याची पदवी घेतली आणि ‘कमाल तापमान एकतीस’ इथे येऊन पोचले. तो मला ‘पंडित’ म्हणतो. मी त्याला ‘भोंगा’ म्हणते, कारण सगळं शहर म्हणतं. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा आहे. पहिल्या दिवशी मी ‘सर’ म्हणाले, तेव्हा दार उघडून तो बाहेर बघून आला. कोणी साहेब आले असतील असं वाटलं त्याला.

भोंगा हे नाव रेडिओने दिलेलं नाही. ते खांबाने दिलं. त्याचे वडील नगरपालिकेत रस्त्यावरच्या दिव्यांचं काम करायचे. सदतीस वर्षं केलं. मुलगाही तेच करील असं त्यांनी धरून ठेवलं होतं. एकोणिसाव्या वर्षी शिडी लावून त्याला खांबावर चढवलं. वर गेल्यावर त्याने खांबाला मिठी मारली. खाली येता येईना. भीती घालवायला तो गायला लागला. घाबरल्यामुळे आवाज दुप्पट झाला होता. तीन गल्ल्यांतली माणसं बाहेर आली. भाजीवाली ओरडली, “अहो, तो भोंगा कोणी वर अडकवलाय, खाली काढा!”

त्या गर्दीत तेव्हाचे सकाळचे निवेदक होते. दाढी अर्धी करून आले होते. त्यांनी त्याला खालूनच विचारलं, रेडिओवर नोकरी करतोस का. वडील शिडी धरून उभे होते. ते एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी बोलले नाहीत, आणि रेडिओबद्दल त्याच्याशी नंतरही कधी बोलले नाहीत.

आता पंचवीस वर्षं झाली. वडील शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरल्या मुलीकडे राहतात. भोंगा दर रविवारी जातो. एकदा मलाही घेऊन गेला. म्हातारा स्टुलावर उभा होता, सत्त्याहत्तराव्या वर्षी, बल्ब बदलत. भोंग्याने स्टूल धरलं.

“काय चाललंय?” म्हाताऱ्याने वरूनच विचारलं.

“चाललंय.”

“होल्डर सैल झालाय.”

“बदलू का?”

“राहू दे.”

एवढंच. त्याची ताई चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, “हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, बल्बशी बोलतात. बल्ब नसता तर काय केलं असतं कोण जाणे.”

चहा झाल्यावर म्हातारा माझ्याशी मात्र भरभरून बोलला. खांब कसे करायचे, रांगेने कसं जायचं, वारा असेल तर काय. “मागचा झाला की पुढचा. मागचा झाला की पुढचा. सदतीस वर्षं. मी शहराला दिवे लावले, आणि हा गाणी लावतो.”

“तेही दिवेच लावतोय की, बाबा,” भोंगा म्हणाला.

“ते दिसतंच आहे,” म्हातारा म्हणाला.

परतताना भोंगा बसमध्ये खूप हसला. चांगला होता म्हणे बाबांचा टोला, टायमिंग बघितलंस का. मग उतरेपर्यंत गुणगुणत राहिला.

आता खेळ सांगते. सकाळी साडेसात वाजता ‘चिमटा’ लागतो. श्रोता आपलं गाऱ्हाणं लिहून पाठवतो. त्या गाऱ्हाण्याला औषध म्हणून भोंगा एक गाणं लावतो आणि बाई एक. कोणतं जास्त चपखल, ते श्रोते फोन करून सांगतात. जो हरतो त्याने दुसऱ्या दिवशी माझं हवामान जिंकलेल्याने ठरवलेल्या आवाजात वाचायचं. भोंग्याने हवामान रुसलेल्या बाळासारखं वाचलंय, लिलाववाल्यासारखं वाचलंय. एकदा उचकी लागल्यासारखं वाचलं, तेव्हा लोकांनी पाणी प्या म्हणून फोन केले.

बाई म्हणजे त्याच्या जोडीच्या निवेदिका. आधी शाळेत गणित शिकवायच्या. नाकावर चष्मा, आवाजात खडू. त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली, “शेवटचा शब्द माझा.” म्हणून भोंग्याचं गाणं नेहमी आधी आणि बाईंचं नेहमी नंतर.

एकदा एकीने लिहिलं, नवरा इतका घोरतो की शेजारी घर सोडून गेले. भोंग्याने मालगाडीचं बडबडगीत लावलं. मी हसून हसून तापमान चुकवलं. मग बाईंनी नुसती बासरी लावली. शांत, संथ, पहाटेची. आणि एवढंच म्हणाल्या, “शेजाऱ्यांच्या नव्या घरातून थेट प्रक्षेपण.” चाळीस मतांनी जिंकल्या.

“हे अन्यायाचं आहे,” भोंगा म्हणाला. “मी घाम गाळतो आणि तुम्ही एक वाक्य टाकता.”

“उत्तर थोडक्यात लिहावं, असं प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असतं,” बाई म्हणाल्या.

मतांचे फोन ऑफिसातल्या काकू घेतात. त्यांच्यापुढे एकच टेलिफोन, एकच वही. काकूंचा कायदा कडक: “एका शब्दात सांगा, मागे रांग आहे.” लोक ‘भोंगा’ म्हणतात नाहीतर ‘बाई’ म्हणतात. काकू रेघ मारतात.

सात एकेचाळीसला एक फोन यायचा. रोज. “दिवेवाला बोलतोय. मागचं.” आणि खट्. ते भोंग्याचे वडील. मुलाला भोंगा म्हणायचं नाही आणि मुलाचं नावही घ्यायचं नाही, म्हणून त्यांनी हा शब्द काढला होता. काकूंनी त्यांची रेघ बाईंच्या खाली मारली आणि तिच्याभोवती गोल केला. रोज गोल. रोज बाईंच्या खाली.

कार्यक्रम संपला की भोंगा काकूंच्या टेबलापाशी यायचा. पेन हवंय, पिन हवीये, असं काहीतरी निमित्त काढायचा. वहीत डोकावायचा. गोल कुठे आहे ते बघायचा.

“म्हातारा पक्का आहे हो बाईंचा,” काकू म्हणायच्या.

“चांगली आवड आहे बाबांची,” तो म्हणायचा. आणि गुणगुणत जायचा.

मी एकदा म्हटलं, विचार ना त्यांना सरळ.

“काय विचारू? मला मत द्या म्हणून? पंडित, मागून मिळालेल्या टाळीचा आवाज येत नाही.”

मग नवे साहेब आले. त्यांच्याबरोबर संगणक आला. सोमवारपासून गाणी संगणक निवडणार. श्रोत्याला सकाळी काय वाटतं हे त्याला आकडेवारीवरून कळतं, असं साहेबांनी बैठकीत सांगितलं.

भोंग्याने हात वर केला. “त्याला सासू आहे का?”

“कोणाला?”

“संगणकाला.”

कोणी हसलं नाही, कारण साहेब हसले नाहीत. ‘चिमटा’ बंद. शुक्रवार शेवटचा. दोनशे दहा भाग झाले होते, एक राहिला होता.

भोंगा माझ्या टेबलावर येऊन बसला. “दोनशे दहा वेळा हरलो मी त्या एका मतात. एक दिवस राहिलाय.”

“बाकी शहर तुला मत देतं.”

“शहराने मला खांबावर बघितलेलं नाही. म्हणजे बघितलंय. पण शिडी धरली नव्हती.”

शुक्रवारी तो साडेपाचलाच आला. गाऱ्हाणं एका बसचालकाचं होतं: ‘माझी सासू माझ्या शेजारच्या सीटवर बसते आणि माझ्या आधी ब्रेक दाबते. तिच्या पायाखाली ब्रेक नाही. तरी गाडी थांबल्यासारखं मलाच वाटतं.’

भोंग्याचे डोळे चमकले. त्याला एक जुनं प्रेमगीत आठवलं. त्यात नायिका नायकाला एकवीस वेळा ‘थांब’ म्हणते. प्रत्येक ‘थांब’नंतर गाडीच्या ब्रेकचा आवाज टाकायचा, हा त्याचा बेत. ब्रेकचा आवाज त्याने सहालाच तयार ठेवला. गाण्याची तबकडी मात्र जागेवर नव्हती.

साडेसात झाले. बाईंनी गाऱ्हाणं वाचलं. भोंगा कपाटापुढे गुडघ्यांवर बसून तबकड्या उपसत होता. चार हजार तबकड्या. मीही शोधायला लागले. साहेबांच्या माणसांनी संगणकात भरण्यासाठी सगळं रंगाप्रमाणे लावलं होतं.

“रंगाप्रमाणे!” भोंगा ओरडला. “हे काय पडद्याचं दुकान आहे?”

काचेतून बाई खुणा करत होत्या. वेळ चालला होता. त्याने दोन्ही हात हलवले. “तुमचं लावा! आधी तुमचं लावा!”

बाईंनी भुवया उंचावल्या आणि आपलं लावलं. शाळेच्या कवायतीची तबकडी होती. ढोल, शिट्टी, आणि एक करडा आवाज: एक, दोन, तीन, थांब! एक, दोन, थांब! बाई म्हणाल्या, “चालक महोदय, सासूबाईंची ड्रिल सुरू आहे. आपण फक्त पाय जुळवा.” काकू वहीवर डोकं ठेवून हसल्या.

तेवढ्यात मला हिरव्या रांगेत तबकडी सापडली. भोंग्याने ती माझ्या हातातून ओढली आणि धावला. एक चप्पल कपाटापाशीच राहिली.

ते गाणं मी विसरणार नाही. नायिका लाडाने म्हणाली, थांब. ब्रेक करकचला. पुन्हा म्हणाली, थांब. पुन्हा ब्रेक. भोंगा एक हात बटणावर ठेवून एका पायावर नाचत होता. अकराव्या ‘थांब’ला बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. सोळाव्याला त्याने ब्रेक दाबलाच नाही. त्याऐवजी धडक. भांडी पडल्याचा आवाज. आणि नायिका गात राहिली, थांब ना. बाई मायक्रोफोनसमोर हसल्या. उघडउघड, मोठ्याने. असं आधी कधी झालं नव्हतं.

फोन सुरू झाले. काकूंचं पेन थांबेना. रेघा सारख्या वाढत होत्या, कधी इकडे एक जास्त, कधी तिकडे. सात एकेचाळीसला काकूंनी फोन उचलला, ऐकलं, आणि पेन हवेतच धरलं.

“आज म्हाताऱ्याने शब्द बदलला,” त्या म्हणाल्या. “‘पुढचं’ म्हणाले.” आणि बाईंच्या खाली रेघ मारून गोल केला.

“बाईंना का?” मी विचारलं.

“अगं, रोज बाईंचं मागून लागतं, म्हणून मागचं. आज बाईंचं पुढे लागलं, म्हणून पुढचं. सरळ आहे. मागे रांग आहे, बाजूला हो.”

सरळ होतं. मी तीन पावलं गेले आणि थांबले.

मागचा आठवडा म्हणजे होऊन गेलेला. पुढचा आठवडा म्हणजे यायचा. मागचा झाला की पुढचा.  काकूंनी ‘मागचं’ म्हणजे रांगेतलं मागचं धरलं होतं. पण म्हाताऱ्याच्या तोंडी मागचं म्हणजे आधी होऊन गेलेलं असेल तर? रोज आधी कोणाचं लागायचं? आणि आज नंतर कोणाचं लागलं?

दोन्ही अर्थ बसत होते. विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. काकूंचा फोन क्षणभरही मोकळा नव्हता. सात चव्वेचाळीस. पन्नासला मतदान बंद. मी साहेबांच्या खोलीत घुसले.

“काय हवंय?” साहेब म्हणाले.

“फोन.”

“कशासाठी?”

“एका शब्दाचा अर्थ विचारायचाय.”

ते इतके चक्रावले की त्यांनी टेलिफोन माझ्याकडे सरकवला. ताईचा नंबर मला पाठ नव्हता. नंबरांची वही माझ्या टेबलावर. परत धावले, परत आले. सात सत्तेचाळीस. फोन म्हाताऱ्यानेच उचलला.

“आजोबा, मी रेडिओवरून बोलतेय. हवामानवाली. मागचं म्हणजे कोणतं?”

“मत विचारू नये. मत गुप्त असतं.”

“मत नाही विचारत. शब्द विचारतेय.”

“शिकलेली ना तू? मागचा खांब म्हणजे करून झालेला. पुढचा म्हणजे यायचा.”

“म्हणजे रोज तुम्ही...”

“रोज काय रोज! पोराचं आधी लागायचं. आज नंतर लागलं, मी शब्द बदलला. एवढं कळत नसेल तर फोनवर माणसं कशाला बसवलीत?”

मी ‘कळलं’ म्हणाले. रिसीव्हर कसा ठेवला ते आठवत नाही. एवढंच आठवतं की साहेबांनी विचारलं, “लागला अर्थ?” आणि मी हो म्हणाले.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या पांढऱ्याफटक पडल्या. “दोनशे दहा गोल,” एवढंच म्हणाल्या. मग आजचा गोल खोडला आणि पलीकडे काढला. वही स्टुडिओत द्यायची होती, पण प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला होता. आत दोघं बोलत होते. मी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मागचं = आधीचं = तुझं’, आणि काचेला चिकटवला.

भोंग्याने वाचलं. मायक्रोफोनमध्ये म्हणाला, “श्रोतेहो, आमच्या पंडित काचेवर काहीतरी लिहितायत. मागचं म्हणजे आधीचं म्हणजे तुझं. शेवटच्या दिवशी व्याकरणाचा तास सुरू झालाय.”

मी हात जोडले. कपाळ काचेला टेकवलं. मग कागद उलटा करून एकच शब्द लिहिला: ‘बाबा’.

तरी त्याला कळेना. बाईंना मात्र कळलं. त्यांनी चष्मा सरळ केला आणि वर्गात उभं केलेल्या मुलाला विचारावं तसं, सगळ्या शहरादेखत विचारलं, “मागचा सोमवार म्हणजे कोणता?”

“झालेला.”

“मग मागचं गाणं म्हणजे?”

“झाले...”

तो थांबला. रेडिओवर कोणी थांबत नाही. दोन सेकंद गप्प राहिलं तर लोक रेडिओला थापट्या मारतात. माझ्या घड्याळात अकरा सेकंद झाले. भोंगा वर छताकडे बघत होता. तिथे साधा बल्ब होता.

मग तो मायक्रोफोनकडे पाठ करून उभा राहिला. हसतोय की काय ते मला काचेतून दिसत नव्हतं.

निकाल बाईंनी वाचला. काकूंनी दाराच्या फटीतून वही सरकवली होती. “आजची मतं. मला त्रेसष्ट. भोंग्यांना चौसष्ट. एका मताची दुरुस्ती ऐनवेळी झाली आहे, आणि ती बरोबर आहे. मी तपासली आहे.”

“एका नाही!” भोंगा गर्रकन वळला. आवाज असा की मीटरचा काटा शेवटाला जाऊन आपटला. “दोनशे अकरा! मला सगळे निकाल पुन्हा हवेत! ते उचकीचं हवामान मी परत घेतो!”

“लागलेला निकाल बदलत नाही. खाली बसा.”

“बसणार नाही!”

“एक चप्पल आहे तुमच्या पायात.”

“असू दे!”

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. मतदान तर संपलं होतं. काकूंनी ऐकलं आणि दार उघडून, लाल दिव्याची पर्वा न करता, सरळ आत ओरडल्या, “दिवेवाले आहेत! म्हणतायत, मत गुप्त असतं ना, मग हा काय तमाशा लावलाय!”

हे शहरभर गेलं. भोंगा मायक्रोफोन सोडून दाराशी आला. “आहेत अजून फोनवर?”

“ठेवला.”

बाईंनी गाणं लावलं. कुठलंतरी लांबलचक, हाताला आलं ते.

कार्यक्रमानंतर साहेबांनी त्याच्यापुढे एक तक्ता ठेवला. संगणकासाठी प्रत्येक तबकडीची माहिती भरायची होती. नाव, कालावधी आणि शेवटच्या रकान्यात गाण्याचा भाव. दुपारपर्यंत पहिल्या दोनशे हव्या होत्या. भोंगा निमूट बसला. मी समोर बसून उद्याचं हवामान लिहीत होते, पण बघत त्याच्याकडेच होते. दोनशे दहा दिवस मी त्या टेलिफोनपासून चार हातांवर बसले होते, आणि मला ऐकू आलं नव्हतं.

त्याने सोळा तबकड्या भरल्या. सुंदर अक्षर आहे त्याचं. सतरावीचं नाव लिहिलं, कालावधी लिहिला. मग पेन तसंच कागदावर ठेवून उठला.

“कुठे?” मी विचारलं.

“बाबांकडे.”

“आज शुक्रवार आहे.”

“माहितीये.”

बसची वाट न बघता तो चालतच निघाला. कोपऱ्यावर पळताना दिसला.

साहेब दोनदा तक्ता मागून गेले. मी तो त्याच्या टेबलावर तसाच ठेवलाय. सतराव्या ओळीत, भावाच्या रकान्यात, त्याने फक्त ‘ह’ लिहिलाय. हसरं की हळवं, ते मला ठरवता येत नाही. पुढच्या तीन हजार नऊशे त्र्याऐंशी तबकड्या कोऱ्या आहेत.